दोघांत एक कोयता

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर उसाच्या फडात येऊन उभे राहा. नुकतं उजाडतं आहे. पाचटावर दव आहे, पाय टाकाल तिथं गारठा झोंबेल. उसाची पात गालाला अशी घासून जाईल की तेव्हा काही वाटायचं नाही. दुपारी घाम सुटला म्हणजे कळेल कुठं कुठं कापलं ते. तुमच्या पुढं एक बाप्या कमरेत वाकून ऊस तोडतो आहे. मागं त्याची बायको. तो तोडून टाकतो, ती गोळा करते, उसाच्याच शेंड्यांच्या पात्यांनी, वाढ्यांनी आवळते, मोळी बांधते. आता सांगा पाहू, ही माणसं किती?

तुम्ही म्हणाल, दोन. मुकादम म्हणेल, एक. एक कोयता! तोडीच्या कामावर नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. काम दोघांचं, पण मोजदाद एकाची.

हे गणित चांगुणाला पाढ्यांच्याही आधी आलं. तिचं घर पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. बाप सहादेव, आई दगडाबाई, आणि तिच्याच पाठोपाठ घटकाभरात जन्मलेला जुळा भाऊ गहिनीनाथ. दिवाळी सरली की घराला कडी लावायची, बैलगाडीत भांडीकुंडी टाकायची आणि कोपरगावकडं कारखान्याची वाट धरायची. आई-बाप एक कोयता. पोरं हाताशी आली तशी तीही दोघं एक कोयता. गहिनी तोडायचा, चांगुणा बांधायची. मुकादम मात्र मिशीत हसून म्हणायचा, "ही चिल्लीपिल्ली हायत. दोघं मिळून अर्धाच धरतो मी." मग ही दोघं चवताळून उसाला अशी भिडायची की सांजच्याला त्यांच्या पुऱ्या कोयत्याच्या मोळ्या गाडीत चढताना मुकादमाला दुसरीकडंच बघावं लागायचं.

अभ्यासही त्यांनी असाच केला. हिवाळाभर शाळा बुडायची. पाचटाच्या कोपीत, चुलीपुढं बसून जेवढं होईल तेवढं. वेळ थोडा, पुस्तकांची जोडी एकच. तेव्हा चांगुणानं गणित घेतलं अन् गहिनीनं इंग्रजी. तिची इंग्रजीची उत्तरं तो सांगायचा, त्याची उदाहरणं ती सोडवून द्यायची. मॅट्रिकला बोर्डानं दोघांना दोन गावच्या पाहुण्यांसारखं लांब लांब बसवलं, तेव्हा चांगुणा इंग्रजीत आणि गहिनी गणितात काठाला धरून कसेबसे पलीकडं गेले. पण गेले.

ते त्र्याहत्तर साल होतं. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. ऊसच नव्हता, तर तोड कसली? सगळं घर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होतं. सहादेव आणि गहिनी टिकावानं मुरूम खणायचे, दगडाबाई आणि चांगुणा डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाहायच्या. दुपारच्या सुट्टीत बाभळीच्या विरळ सावलीत बसायचं आणि मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी खायची. ती भाकरी तव्यावरून टोपल्यात येईपर्यंतच तुटायची.

अशाच एका दुपारी कॉलेजचा विषय निघाला.

"कालेज म्हंजी लई मोठी शाळा का रं?" दगडाबाईनं विचारलं.

"व्हय. नगरला हाय," गहिनी म्हणाला. "गुरुजी म्हनले, दोघांचंबी नाव घालतो. फी माफ व्हती."

"अन् पोरगी?"

"आगं, दोघांचंबी म्हनलं की!"

शेजारी भाकरी खात बसलेली रतनबाई खुदकन हसली. "दगडे, पोरीला बालिष्टर करती का काय? मग आमच्या पाट्या मोजायला साहेबीन होऊन यंल ती."

"आली तर तुजी पाटी आधी मोजंल," दगडाबाई म्हणाली. "निम्मीच भरतीस."

सगळे हसले. रतनबाईही हसली. पण हसणं ओसरल्यावर दगडाबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली. जन्मात ती कुठं एकटी गेली नव्हती. माहेराहून सासरी आली ती वऱ्हाडाबरोबर, तोडीला गेली ती नवऱ्याबरोबर, पाण्याला गेली तरी चार बायकांबरोबर.

"ऐका," ती शेवटी म्हणाली. "नगरला रंगुबाई मावशीकडं ऱ्हायचं. कालेजात दोघांनी एका वर्गात, एका बाकावर बसायचं. त्ये जमत आसंल तर पोरगी जाईल. एकल्या पोरीला मी न्हाई धाडायची. न्हाई जमलं तर मागारी यायचं, अन् माज्यासंगं पाटी उचलायची."

"बसू की," चांगुणा म्हणाली. "आतापतुर काय येगळं बसलो व्हय?"

तिला तेव्हा वाटलं, अट कसली ही! पाण्यानं ओलं असावं अशी अट.

नगरच्या कॉलेजची दगडी इमारत बघून गहिनी म्हणाला, "कारखान्यापरीस बारकं हाय." त्यानं चांगुणाला जरा धीर आला.

पहिल्या दिवशी नव्या मुलांना एका लांबलचक खोलीत बसवलं. हेमचंद्र सर म्हणून इंग्रजीचे प्राध्यापक होते. उंच, किडकिडीत, बुशशर्टाच्या बाहीला कायम खडू लागलेला. ते म्हणाले, "आज तुमची छोटीशी परीक्षा आहे. घाबरू नका, ही पास-नापासाची नाही. गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत तुम्हाला कुठपर्यंत येतं ते आम्हाला बघायचंय. त्यावरून ठरेल, तुम्ही पुढच्या गटात बसायचं की पायाच्या गटात. आता प्रश्नपत्रिका कमी छापल्या आहेत. तेव्हा एका बाकावर दोघं, आणि दोघांत एक. समजलं?"

"व्हय," चांगुणा आणि गहिनी एकदम म्हणाले. त्या खोलीत सगळ्यांत चांगलं त्यांनाच समजलं होतं.

"दोघांत एक," गहिनी कुजबुजला. "कोयताच की गं!"

"शहरातबी हायच म्हनायची पद्धत," चांगुणा म्हणाली.

मग त्यांनी उत्तराचा कागदही एकच घेतला. वर दोन्ही नावं घातली. चांगुणा गणिताला बसली. तोंडात पदराचं टोक धरून ती एकेक उदाहरण सपासप आडवं करत गेली, आणि गहिनी शाईची दौत हातात धरून, तिचं कोपर कुणाला लागणार नाही असा अंग चोरून बसला. मग तिनं कागद त्याच्याकडं सरकवला. त्यानं उताऱ्याची उत्तरं लिहिली, निबंध लिहिला, आणि ती त्याच्या मानेवर वहीनं वारा घालत राहिली. सगळ्यांच्या आधी त्यांचा कागद गेला. बाहेर येऊन नळाचं पाणी पिताना दोघांनाही वाटत होतं, फड साफ झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत हेमचंद्र सर आले ते तो कागद हातात घेऊनच. बरोबर गणिताच्या दमयंतीबाई होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलायच्या आधी ऐकून घेणाऱ्या.

"यातली चांगुणा कोण?" सरांनी विचारलं. "आणि गहिनीनाथ कोण?"

दोघं उठून उभे राहिले.

"एका कागदावर दोन नावं कशी? कुणी कुणाचं बघून लिहिलं?"

"कुनीबी न्हाई, सर," चांगुणा म्हणाली. "गनितं मी केली. इंग्रजी ह्यानं."

"का?"

"तुमीच म्हन्ला ना, दोघांत एक."

खोलीत एकच हशा उसळला. मागच्या बाकावरचा एक टेरिलिनच्या शर्टातला पोरगा ओरडला, "सर, प्रवेशपण अर्धा अर्धा द्या त्यांना!"

चांगुणाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पायाखालच्या फरशीत एखादी फट असेल तर बरं, असं तिला झालं. पण गहिनी मागं वळून शांतपणे म्हणाला, "चालंल की. सकाळचा तिला, दुपारचा मला. तुला रातचा ऱ्हाईल, बघ."

आता हशा फिरला आणि टेरिलिनच्या शर्टावर जाऊन पडला. हेमचंद्र सरांनाही हसू आवरेना. दमयंतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दोघांना आपल्या खोलीत घेऊन गेल्या.

"दोघांत एक म्हणजे काय, ते नीट सांगा मला," त्या म्हणाल्या.

चांगुणानं कोयत्याची रीत सांगितली. बाईंनी ती अर्ध्यात तोडली नाही. सांगून झाल्यावर त्यांनी चांगुणाला एक उदाहरण घातलं. ते ती पाटीसारखं उचलून चालू लागली. तेच त्यांनी गहिनीला घातलं, तर तो छताकडं बघायला लागला. मग इंग्रजीचं पुस्तक उघडून दिलं, तर गहिनी घडाघडा वाचत सुटला आणि चांगुणा दुसऱ्याच शब्दापाशी अडली, ती अडलीच.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "हे गट म्हणजे शहाणे अन् ढ अशी वाटणी नव्हे. ज्याला जे येतं ते त्याला पुन्हा शिकवून त्याचा वेळ मोडायचा नाही. आणि ज्याला जे येत नाही, ते येतंच असं धरून त्याला सोडून पुढं जायचं नाही. एवढंच आहे हे. विषय बदलला की गटही बदलू शकतो. बाकीचे तास सगळ्यांचे एकत्रच. आणि कुठलाही गट जन्माचा नाही, दिवाळीनंतर आम्ही पुन्हा बघतो. पाया भरला की पुढच्या गटात. तर चांगुणा, तू गणितात पुढच्या गटात, इंग्रजीत पायाच्या. गहिनीनाथ, तुझं उलट."

चांगुणानं मनाशी मांडून पाहिलं. गणिताला तो एका खोलीत, ती दुसऱ्या. इंग्रजीलाही तेच. तिनं खाली ठेवलेली पिशवी उचलली.

"मग मी जाते, बाई."

"कुठं?"

"घरी. पाट्या उचलायला." आणि तिनं आईची अट सांगितली. सांगताना रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण शेवटच्या शब्दाला नाक ऐकेना.

बाईंनी विचारलं, "आईला इथं येता येईल?"

"बाजाराच्या दिशी काम बंद आसतं," गहिनी म्हणाला. "निरोप धाडला तर यंल."

"मग तोवर दोघं एकाच बाकावर बसा. दोन्ही विषयांना, पुढच्या गटात. बघा कसं वाटतं."

कसं वाटलं म्हणता? गणिताच्या तासाला गहिनीनं भिंतीवरच्या पालीशी ओळख वाढवली. बाईंनी काही विचारलं की चांगुणा ओठ न हलवता उत्तर सांगायची, तो ते मोठ्यानं म्हणायचा आणि खाली बसल्यावर विचारायचा, "म्हंजी काय गं?" इंग्रजीच्या तासाला तीच गत चांगुणाची. सरांनी उभं केलं की ती मैलाच्या दगडासारखी उभी. गहिनी खालून शब्द पुरवायचा, ती ते जोडून म्हणायची. सर "छान" म्हणायचे. तो "छान" तिला मुकादमाच्या अर्ध्या कोयत्यापेक्षा जास्त लागायचा, कारण अर्ध्यात निदान तिची मेहनत होती.

एका संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "गहिन्या, इतकी वर्सं मी तुज्या इंग्रजीच्या मोळ्या बांधत आले. पर एक ऊस माज्या हातानं तोडला न्हाई."

"मग काय झालं? मी हाय की."

"तू हायस रं बाबा. पर मला तोडायचाय."

गहिनीनं एक शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले. "खरं सांगू? मलाबी ती पाल आता पाठ झाली."

बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसटीनं दगडाबाई आली. धुवट लुगडं, काखेत भाकरीचं फडकं, पायात धुळीचे मोजे. कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून तिनं आधी इमारतीला वर-खाली न्याहाळलं, मग पोरांना.

"वाळलायसा दोघंबी. एका बाकावर बसता ना?"

गहिनीनं चांगुणाचा हात हळूच दाबला. 'व्हय म्हन,' असं ते दाबणं सांगत होतं. एक शब्द, की आई दुपारच्या गाडीनं समाधानानं परत गेली असती. चांगुणाच्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

"आता बसतो," ती म्हणाली. "पर बसायला नगं, आय. येगळं बसाय पायजे." आणि तिनं सगळं सांगून टाकलं; दोघांत एक, सगळ्यांचं हसणं, दोन गट, पाल, सगळं.

दगडाबाईनं ऐकलं. फडकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. "मग चल घरी," ती म्हणाली. "मी काय सांगितलं हुतं?"

तेवढ्यात दमयंतीबाई आल्या. त्यांनी नमस्कार केला आणि इतकंच म्हणाल्या, "घेऊन जा, तुमची मुलगी आहे. पण जिथं तिला बसायचंय ते आधी बघून तर जा. आत्ता इंग्रजीचा पायाचा तास आहे. तुम्हीच बसा तिच्याजवळ."

"मी? वर्गात?" दगडाबाई म्हणाली. पण म्हणेपर्यंत ती चालायलाही लागली होती.

पायाच्या गटाची खोली मागच्या अंगाला होती. दगडाबाई वहाणा दाराबाहेर काढून आत गेली. मधल्या एका बाकावर एक काळीसावळी पोर एकटीच बसली होती. तिच्याजवळ चांगुणा टेकली, तिच्या पलीकडं आई. हेमचंद्र सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि एकेकाला इंग्रजीतून नाव विचारत येऊ लागले. होता होता ते ह्या बाकापाशी आले आणि त्याच सुरात दगडाबाईलाही विचारलं.

"काय म्हनत्यात गं?" दगडाबाईनं चांगुणाला ढोसलं.

"नाव इचारत्यात."

दगडाबाई पदर सावरून ताठ उभी राहिली. "दगडाबाई सहादेव. ही माजी लेक." आणि जरा थांबून, "त्यो दुसरा बाहीर उभा हाय."

खोलीत हसू फुटलं, पण ते बोचणारं नव्हतं. खिडकीबाहेर गहिनी खाली वाकला.

सर पुढं गेले. दगडाबाईनं मान पुढं काढून त्या सावळ्या पोरीकडं पाहिलं. "कुठली गं तू?"

"अकोले तालुक्यातली. डोंगरातली."

"नाव?"

"मुक्ता."

"संगं कोन हाय?"

"कोनी न्हाई."

"एवढ्या लांबून एकली आलीस? आयनं धाडली?"

"आय न्हाई मला. आज्यानं धाडली. एष्टीत बसवून दिलं अन् म्हनला, आता मागं बघू नको, मान अवघडंल."

दगडाबाईनं भाकरीचं फडकं मांडीवर सोडलं, चटणीसकट अर्धी भाकरी मोडली आणि चांगुणाच्या पुढून हात घालून मुक्ताच्या हातावर ठेवली.

"आजी," सर फळ्याकडं तोंड करूनच म्हणाले, "खाणं तासानंतर."

"आजी आसंल तुमची," दगडाबाई पुटपुटली. "खा गं पोरी. त्येंची पाठ हाय तवर खा."

तास संपल्यावर ती बाहेर आली, वहाणा घातल्या आणि फाटकाकडं चालू लागली. चांगुणा मागं, गहिनी तिच्या मागं. फाटकाशी ती थांबली.

"त्या पोरीच्या बाकावर बसत जा," ती म्हणाली. "तिला लई एकलं वाटत आसंल."

चांगुणाला क्षणभर कळेचना. "म्हंजी... ऱ्हाऊ मी?"

"मंग? त्यो तिचा आज्या धाडतो अन् मी काय त्याच्यापरीस भित्री हाय?"

"पर आय, तूच म्हनली हुतीस, भावासंगं..."

"म्हनली हुते. आता ह्ये म्हनते." मग तिला आठवलं. "अन् ती गनिताची खोली? तिथं कोन पोरगी हाय का?"

"एकबी न्हाई. सगळी पोरंच."

दगडाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. रस्त्यावरून कांद्याच्या गोण्यांनी भरलेली एक गाडी खडखडत गेली. आईनं फडकं काखेत घट्ट धरलं.

"तुला येतंय ना त्ये गनित?"

"येतंय."

"चांगलं येतंय?"

"लई चांगलं येतंय, आय."

"मंग तिथं तुला कोन कशाला पायजे?" दगडाबाई म्हणाली, आणि एसटी चुकेल म्हणून तरातरा निघून गेली.

घंटा झाली. पायाच्या गणिताच्या खोलीकडं गहिनी वळला. दारात थांबून त्यानं हात हलवला आणि आत गेला. चांगुणा पुढच्या गटाच्या दारात आली. एकेका बाकावर दोन-दोन, तीन-तीन पोरं. टेरिलिनचा शर्ट कोपरानं शेजाऱ्याला ढोसत म्हणाला, "आली रे! आज एकटीच!" पहिला बाक तेवढा रिकामा होता. दमयंतीबाई फळा पुसत होत्या.

चांगुणा आत गेली. पहिल्या बाकावर, कडेला नव्हे, बरोबर मधोमध बसली. पिशवी एका बाजूला ठेवली, वही दुसऱ्या बाजूला. मग पुन्हा उठून उभी राहिली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, काल शेवटचं गनित कुनालाच आलं न्हवतं. मी येऊ का फळ्यावर?"

बाईंनी खडू पुढं केला. चांगुणानं तो घेतला, पदर खोचला, आणि सगळ्यात वरच्या कोपऱ्यातून मांडायला सुरुवात केली.